आराम करू द्यावा की उठवून बसवावे?



गेल्या दोन महिन्यांत मला तिघींचे फोन आले आणि तिघींचा प्रश्न जवळजवळ एकच होता. एकीचे सासरे अकोल्याला आयसीयूत, दुसरीचा भाऊ नागपूरला, तिसरीची आई संभाजीनगरला. "काकू, माणूस व्हेंटिलेटरवर आहे, धड शुद्धही नाही. आणि ती फिजिओथेरपीची मुलगी रोज येऊन हातपाय हलवते, बसवायचं म्हणते. एवढ्या आजारी माणसाला हा त्रास कशाला?" मलाच विचारण्याचे कारण असे की दोन वर्षांपूर्वी आमच्या घरात हे सगळे होऊन गेले आणि शेगावच्या आपल्या समाजात ते सर्वांना ठाऊक आहे. प्रत्येकीला फोनवर तुटक सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहून ठेवावे म्हणून आजचा लेख.

मी डॉक्टर नाही. बी.कॉम. झाले, आणि पुढची चाळीस वर्षे घर नि दुकानाच्या वह्या सांभाळल्या. जे पाहिले, डॉक्टरांना विचारून घेतले आणि नंतर वाचले, तेवढेच इथे लिहिते.

आमच्याकडे काय झाले

चातुर्मास लागून महिना झाला होता. ह्यांना ताप आणि खोकला. चौथ्या दिवशी दम लागू लागला. गावातल्या डॉक्टरांनी बोटाला यंत्र लावून ऑक्सिजन पाहिला आणि लगेच अकोल्याला न्यायला सांगितले. दोन्ही फुप्फुसांत न्यूमोनिया. त्याच रात्री व्हेंटिलेटर लागला. तेव्हा ह्यांचे वय सदुसष्ट होते.

पाचव्या दिवशी सकाळी एक तरुण फिजिओथेरपिस्ट आली आणि म्हणाली, "आज काकांना पलंगाच्या कडेला बसवून बघू." तोंडात नळी, मानेत सुई, चारी बाजूंना तारा. आमच्या वन्सं, ह्यांच्या थोरल्या बहीण, तिथेच होत्या. आई लवकर गेल्यामुळे ह्यांना त्यांनीच वाढवले आहे. त्या एकदम म्हणाल्या, "मुळीच नको. आधी बरा होऊ दे, मग काय तो व्यायाम. ह्याला काही झालं म्हणजे?" मुलगा गप्प होता. मग सगळे माझ्याकडे बघू लागले.

मी डॉक्टरांना बाहेर बोलावून तीन गोष्टी विचारल्या. बसवताना नळी निघाली किंवा रक्तदाब पडला तर काय कराल? बसवलेच नाही तर काय होईल? आणि कशावरून थांबवाल? त्यांनी तिन्हींची सरळ उत्तरे दिली. धोका अजिबात नाही असे ते म्हणाले नाहीत, आणि म्हणूनच मला विश्वास वाटला. मी हो म्हटले. वन्सं जपमाळ घेऊन बाहेर बाकावर जाऊन बसल्या. त्या दिवशी त्या माझ्याशी बोलल्या नाहीत.

बसवताना चार माणसे होती. एकीने फक्त नळी धरली, एकाने पाठ, फिजिओथेरपिस्टने गुडघे, आणि सिस्टरांची नजर मॉनिटरवर. पाय खाली सोडले, धड उभे केले. मान तान्ह्या बाळासारखी पुढे पडत होती. जेमतेम तीन मिनिटे झाली, नाडी वाढली, तसे परत झोपवले. दुसऱ्या दिवशी पाच मिनिटे. तिसऱ्या दिवशी ह्यांनी डोळे उघडून खिडकीकडे पाहिले आणि बराच वेळ पाहत राहिले. पुढे नवव्या दिवशी व्हेंटिलेटर निघाला, तेराव्या दिवशी आयसीयूतून बाहेर, एकविसाव्या दिवशी घरी.

बसवले म्हणूनच वाचले, असे मी म्हणत नाही. औषधांनी, डॉक्टरांनी आणि आयुष्य होते म्हणून वाचले. पण वाचल्यावर माणूस उठून बसणार की अंथरुणालाच खिळणार, याचा बराचसा हिशेब त्याच दिवसांत मांडला जातो. तो समजून घेऊ.

पडून राहिल्याचा घसारा

आम्ही कॉमर्सवाले यंत्रावर दरवर्षी घसारा धरतो. यंत्र वापरले तरी झिजते, नुसते पडून राहिले तरी त्याची किंमत उतरते. शरीराचा घसारा आयसीयूत किती वेगाने होतो हे ऐकून मी थक्क झाले. लंडनच्या डॉक्टरांनी ६३ गंभीर रुग्णांच्या मांडीचा स्नायू सोनोग्राफीने पुन्हा पुन्हा मोजला. २०१३ साली तो अभ्यास छापून आला. दहा दिवसांत स्नायूचा आकार सरासरी जवळजवळ १८ टक्के घटला होता. ज्यांचा एकच अवयव बिघडला होता त्यांची घट पहिल्या आठवड्यात ३ टक्क्यांच्या आसपास होती. अनेक अवयव बिघडलेल्यांची मात्र १५ टक्क्यांच्या वर गेली होती.

याचे कारण नुसते पडून राहणे नाही. आजाराशी लढताना शरीर स्वतःचेच स्नायू मोडून खाते. त्यात गुंगीची औषधे, अपुरे पोषण, जंतुसंसर्गाने नसांना होणारी इजा. श्वासाचा मुख्य स्नायू, म्हणजे पोटाच्या वरचा पडदा, तोही व्हेंटिलेटर काम करू लागला की आळसावतो, आणि मग यंत्र काढणे अवघड जाते. शिवाय सांधे आखडतात, पाऊल खाली लोंबून तसेच राहते, पाठीला जखमा होतात, छातीत कफ साचतो.

डॉक्टर ही ताकद मोजतातही. दोन्ही हातापायांचे ठरावीक स्नायू तपासून ६० पैकी गुण देतात. ४८ पेक्षा कमी आले तर आयसीयूत आलेली अशक्तता असे धरतात. ह्यांना पहिल्यांदा ३४ मिळाले होते. आयुष्यभर धान्याच्या पोत्यांजवळ उभा राहिलेला माणूस, आणि हातातला चमचा तोंडापर्यंत जात नव्हता.

व्यायाम म्हणजे नेमके काय करतात

व्यायाम म्हटले की आपल्याला दंडबैठका आठवतात. इथे तसे काही नसते. पायऱ्या असतात, आणि रुग्ण आज जिथे आहे तिथून वरची एकच पायरी चढायची असते.

माणूस पूर्ण गुंगीत असेल तेव्हा फिजिओथेरपिस्ट स्वतः त्याचे सांधे हलवते, म्हणजे ते आखडत नाहीत. दर काही तासांनी कूस बदलतात, पलंगाचा डोक्याकडचा भाग वर ठेवतात, छातीतला कफ सुटावा म्हणून उपचार करतात आणि नळीतून तो ओढून काढतात. गुंगी उतरली, सांगितलेले कळू लागले, की "माझा हात दाबा, पाय माझ्या हातावर ढकला" सुरू होते. मग पलंगाच्या कडेला बसणे, मग खुर्ची, मग आधाराने उभे राहणे, जागच्या जागी पाऊल उचलणे, आणि शेवटी चालणे. काही मोठ्या रुग्णालयांत पलंगावरच पायाने फिरवायची सायकल असते, आमच्याकडे ती नव्हती. त्यावाचून काही अडले नाही.

रोज सुरू करण्याआधी तपासणी असते. रक्तदाब टिकवण्यासाठी जास्त औषध चालू आहे का, ऑक्सिजन किती लागतो, नाडीची लय नीट आहे का. ह्यांना एक दिवस ताप चढला तेव्हा त्या मुलीने स्वतःच "आज नाही" म्हटले. जी थांबवणे जाणते तिच्यावर विश्वास ठेवायला हरकत नाही, असे माझे मत झाले.

हे आले कुठून

आयसीयू आणि भारतातली फिजिओथेरपी, दोन्हींची मुळे पोलिओच्या साथीत आहेत, हे मला वाचूनच कळले.

१९५२ साली डेन्मार्कमध्ये कोपनहेगनला पोलिओची भयंकर साथ आली. श्वासाचे स्नायू लुळे पडून मुले गुदमरत होती आणि यंत्रे पुरत नव्हती. ब्यॉर्न इब्सेन नावाच्या भूल देणाऱ्या डॉक्टरांनी गळ्याला छिद्र पाडून नळी घातली आणि हाताने पिशवी दाबून हवा द्यायला सुरुवात केली. सुमारे दीड हजार विद्यार्थ्यांनी पाळ्या लावून, रात्रंदिवस, आठवडेच्या आठवडे पिशव्या दाबल्या. अशा रुग्णांना एकाच जागी, सतत लक्षाखाली ठेवण्याची आजची पद्धत त्यातूनच रुजली.

आपल्याकडेही तेव्हा पोलिओ होता. मुंबईत फातिमा इस्माईल यांच्या लहान मुलीला पोलिओ झाला. मुलीला बरे करण्यासाठी त्या दारोदार फिरल्या, उपचार स्वतः शिकून घेतले आणि १९४७ साली मुंबईत इतरांच्या मुलांसाठी केंद्र उघडले. १९५८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्याच दशकाच्या सुरुवातीला जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात फिजिओथेरपीचे शिक्षण सुरू झाले, आणि १९५५ मध्ये हाजी अलीला पुनर्वसनाची राष्ट्रीय संस्था उभी राहिली. एका आईच्या धडपडीचा त्यात केवढा वाटा आहे, हे वाचून मला फार बरे वाटले.

किती व्यायाम, किती आराम

फोन करणाऱ्या तिघींपैकी एकीचा भाचा इंटरनेटवर वाचून डॉक्टरांशी भांडत होता, "दिवसातून चार वेळा करा." तिच्यासाठी हा भाग.

२००९ मध्ये अमेरिकेतला एक अभ्यास गाजला. व्हेंटिलेटरवरचे १०४ रुग्ण. अर्ध्यांना गुंगी रोज काही वेळ थांबवून अगदी पहिल्या दिवसांतच व्यायाम आणि रोजच्या कामांचा सराव दिला, उरलेल्यांना नेहमीसारखे उपचार दिले. घरी जाताना पहिल्या गटातले ५९ टक्के स्वतःचे स्वतः सगळे करू शकत होते, दुसऱ्यातले ३५ टक्के. पहिल्या गटाचा भ्रमही निम्म्या काळात उतरला.

मग वाटते, जितके जास्त तितके चांगले. पण २०२२ मध्ये सहा देशांतल्या ७५० रुग्णांवरचा मोठा अभ्यास आला. एका गटाला रोज सरासरी वीसेक मिनिटे जोमाने व्यायाम, दुसऱ्याला नेहमीच्या पद्धतीने नऊएक मिनिटे. सहा महिन्यांनी दोन्ही गट सारखेच निघाले, उलट जास्त व्यायामाच्या गटात नाडीची लय बिघडणे, रक्तदाब बदलणे असे त्रास अधिक झाले. दुसऱ्या गटालाही व्यायाम होताच, हे मात्र विसरू नका. थोडक्यात, अजिबात नको म्हणून अडवू नये आणि अजून करा म्हणून रेटूही नये. औषधासारखीच याचीही मात्रा असते.

घरच्यांनी काय करावे

आयसीयूत ह्यांना भ्रम झाला होता. पलंगाच्या पायथ्याशी वसुलीचे लोक उभे आहेत, आपण जिनिंगमध्ये अडकलो आहोत, असे वाटायचे. दोनदा नाकातली नळी ओढली. वयस्कर रुग्णांत हे फार आढळते आणि ते वेड नसते. सिस्टरांनी मला सांगितले, "काकू, चष्मा आणा." चष्मा, कानाचे यंत्र, डॉक्टर हो म्हणाले तर कवळी, समोर दिसेल असे घड्याळ. या गोष्टींनी माणसाला आपण कुठे आहोत ते कळते. मी रोज तेच सांगायची: आज अमुक वार, तुम्ही अकोल्याला दवाखान्यात आहात, न्यूमोनिया झाला होता, आता उतरतो आहे, दुकान पोरगा बघतो आहे. मग हळू आवाजात णमोकार म्हणायची. ओळखीचा आवाज आणि ओळखीचे शब्द. रात्री दिवे कमी करायला सांगायची, कारण झोप हेही औषध आहे.

आणखी एक. एका साध्या वहीत रोज दोन ओळी लिहून ठेवा, आज काय झाले, कोण भेटून गेले. युरोपातल्या अनेक आयसीयूंत सिस्टरच अशी वही लिहितात. पुढे रुग्णाला ते हरवलेले दिवस जुळवायला तिचा उपयोग होतो. ह्यांनी ती वही घरी आल्यावर कितीतरी वेळा वाचली.

करू नये ते असे. विचारल्याशिवाय स्वतः बसवू नका, पाणी पाजू नका (नळी निघाल्यावर गिळणे काही दिवस बिघडलेले असते, पाणी श्वासनलिकेत जाते), आणि सुजलेले पाय जोरात दाबू नका.

आहाराचे

हा प्रश्न आपल्या घरांत हमखास येतो. आहारतज्ज्ञ बाईंनी विचारले, "अंडे चालेल का?" मी नाही म्हटले आणि कंदमुळांचेही सांगितले. त्यांनी मुळीच कुरकुर न करता दुधाच्या प्रथिनांची पावडर नळीतून सुरू केली. तेव्हा पहिल्याच दिवशी लेखी सांगा, आपले नियम सांभाळून प्रथिने देता येतात. अशा रुग्णांना दर किलो वजनामागे रोज १.२ ग्रॅम किंवा अधिक प्रथिने लागतात, म्हणजे साठ किलोच्या माणसाला सत्तरएक ग्रॅम. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर प्रमाण डॉक्टरच ठरवतील. डाळीचे वरचे पाणी पाजून हे भागत नाही, डाळ तिथे तळाशीच राहते.

नळीचा आहार रात्रीही चालू असतो, त्यावरून वन्संना फार वाईट वाटत होते. आपल्याकडे पच्चक्खाण घेतानाच आजारपणासाठी आगार ठेवलेले असतात. ज्यांच्या मनात शंका असेल त्यांनी आपल्या गुरुभगवंतांना विचारावे, पण आहार थांबवून ठेवू नये. घरी आल्यावर सूर्योदय ते सूर्यास्त यात पाच वेळा थोडे थोडे दिले: मुगाची धिरडी, घट्ट वरण, पनीर, दही, सातूचे पीठ, दाण्याचा लाडू. बारीक होऊन आलेला माणूस तीन महिन्यांत सावरला.

घरी आल्यावर खरे काम

लोक भेटायला आले की म्हणत, "चला, सुटलात!" पण दवाखान्यातून सुटका झाली, आजारातून नव्हे. कॅनडातल्या टोरांटोच्या डॉक्टरांनी फुप्फुसे निकामी होऊन वाचलेल्या रुग्णांची पाच वर्षे पाहणी केली. पाच वर्षांनंतरही सहा मिनिटांत चालून जाण्याचे त्यांचे अंतर अपेक्षेच्या ७६ टक्केच होते. अंग, बुद्धी आणि मन, तिन्हींवर आयसीयूचा परिणाम मागे राहतो.

आपल्या गावाला पायी चालण्याचे नवल नाही. दरवर्षी इथून पालखी पायी पंढरपूरला जाते. आमच्या घरची पहिली वारी पलंगापासून न्हाणीघरापर्यंतची, अकरा पावलांची होती. गावातलेच एक फिजिओथेरपिस्ट आठवड्यातून तीनदा यायचे. (घरी कोणाला बोलावताना त्यांची राज्याच्या परिषदेकडे नोंदणी आहे का, एवढे विचारावे.) त्यांनी पहिल्याच दिवशी ह्यांना विचारले, "काका, तुम्हाला काय करता यावंसं वाटतं?" ह्यांनी सांगितले, "मंदिराच्या पायऱ्या." मग सगळा व्यायाम त्याच हिशेबाने बसवला. हातांच्या खुर्चीवरून हात न टेकता उठणे, एका पायरीवर चढ-उतार, भिंतीला धरून टाचा उचलणे. रोज किती झाले ते वन्सं पाटीवर लिहायच्या. एखाद्या दिवशी ह्यांनी टाळाटाळ केली तर सगळ्यात आधी त्याच रागवायच्या. आमच्या दोघींत त्या पाचव्या दिवसाबद्दल कधी बोलणे झाले नाही, पाटीच बोलली म्हणायची.

बुद्धीचे मात्र मला जड गेले. तोंडी व्याज काढणारा माणूस, आणि चार रकमांची बेरीज चुकत होती. चिडायचे, वही फेकायचे. रात्री दचकून उठायचे. डॉक्टरांनी सांगितले की हाही त्याच आजाराचा भाग आहे, त्यालाही सराव लागतो. मी रोज सकाळी जुन्या वहीतले एक पान त्यांच्यापुढे ठेवू लागले. नऊ महिन्यांनी जमाखर्च जुळू लागला. मंदिराच्या पायऱ्या साडेतीन महिन्यांतच झाल्या होत्या. आजही उजवे पाऊल थोडे मागे राहते आणि दुकान उघडायला ते एकटे जात नाहीत.

सांभाळणाऱ्या बाईचेही हाल होतात. मला दोन महिने झोप नव्हती, फोन वाजला की छातीत धडधडायचे. अशा वेळी घरातल्या दुसऱ्या कोणाला रात्रीची पाळी द्या आणि डॉक्टरांना स्वतःबद्दलही सांगा. खर्चाचे म्हणाल तर विमा असल्यास पॉलिसीत रुग्णालयानंतरचा किती दिवसांचा खर्च मिळतो ते आधीच पाहा, फिजिओथेरपीची चिठ्ठी आणि प्रत्येक पावती जपून ठेवा.

विचारायचे प्रश्न

तुमच्यापैकी कोणावर ही वेळ येऊ नये. आली तर आयसीयूच्या दाराशी रडू येते आणि काय विचारायचे ते सुचत नाही. म्हणून हे लिहून फोनमध्ये ठेवा:

१. आज गुंगी कमी करता येईल का?
२. फिजिओथेरपी सुरू झाली आहे का? नसेल तर कशामुळे, आणि कधी सुरू होईल?
३. आज कोणती पायरी आहे, आणि कशावरून थांबवाल?
४. प्रथिने पुरेशी जात आहेत का?
५. भ्रम आहे का? आम्ही जवळ बसून बोलू शकतो का?
६. घरी जाताना व्यायाम लिहून द्याल का, आणि पुन्हा कधी दाखवायचे?

संभाजीनगरला आई असलेल्या मैत्रिणीने हे प्रश्न फोनवर ऐकून लगेच लिहून घेतले. परवा तिचा निरोप आला, आईला खुर्चीत बसवले, दहा मिनिटे. बाकीच्या दोघींनीही कळवत राहावे. दुपारी दोननंतर मी मोकळी असते.